विल्यम रिचर्डसन, येर्बा बुएना आणि सॉसलिटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात मुलांकडे आलेले आईवडील, काका-मावश्या सॅन फ्रान्सिस्को आणि सॉसलिटो बघून आले की हे प्रश्न हमखास येतात. रिचर्डसनचं नाव गाइडच्या तोंडून ओझरतं कानावर पडतं आणि पुढचं काही कळत नाही. तेच तेच प्रश्न एकत्र करून, सोप्यापासून अवघडापर्यंत, इथे लावले आहेत.

१. हा विल्यम रिचर्डसन कोण? सॅन फ्रान्सिस्को एका खलाशाने वसवलं हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. विल्यम अँथनी रिचर्डसन हा १७९५ साली जन्मलेला इंग्रज दर्यावर्दी. १८२२ मध्ये व्हेलची शिकार करणाऱ्या 'ओरायन' नावाच्या जहाजावरून तो सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात आला आणि इथलाच झाला. १८३५ मध्ये त्याने येर्बा बुएना नावाच्या छोट्या खाडीच्या काठावर बिऱ्हाड थाटलं. त्या वस्तीचं पुढे शहर झालं, आणि त्या शहराला आज आपण सॅन फ्रान्सिस्को म्हणतो. पलीकडच्या काठावरचं सॉसलिटोही त्याच्याच जहागिरीतून उभं राहिलं (प्रश्न ११). 'बऱ्याच अंशी' का म्हटलं, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

२. तो जहाज सोडून पळून आला होता ना?

पळून आला म्हणणं अन्यायाचं होईल. तो जहाजावर कप्तानाच्या हाताखालचा पहिला अधिकारी होता, म्हणजे मेट. त्याला थोडंफार स्पॅनिश येत होतं, त्यामुळे किनाऱ्यावर जाऊन परवानगी मागायचं आणि रसदीचं बोलायचं काम त्याच्याकडे आलं.

पुढची गोष्ट घराघरात सांगितली जाते ती अशी: किनाऱ्यावरच्या प्रेसिदियोत, म्हणजे लष्करी ठाण्यात, त्या रात्री नाचगाणं होतं. तिथल्या अधिकाऱ्याची मुलगी मारिया अँतोनिया मार्तिनेझ हिच्याबरोबर रिचर्डसन रात्रभर नाचला, सकाळी उशिरा जहाजावर गेला, आणि संतापलेल्या कप्तानाने त्याला कामावरून कमी केलं. रिचर्डसन कुटुंबाच्या आठवणी त्याच्या मुलाने, एस्तेबानने, म्हाताऱ्या वयात १९१८ च्या सुमाराला एका वर्तमानपत्राला सांगितल्या. बापाच्या प्रेमाची गोष्ट मुलगा सांगतोय म्हटल्यावर थोडं मीठमसाला धरूनच चालावं. पण जहाज गेलं आणि रिचर्डसन राहिला, आणि तीन वर्षांनी त्याच मुलीशी त्याचं लग्न झालं, यात वाद नाही.

३. परक्या देशाच्या खलाशाला सरकारने राहू कसं दिलं? आणि त्याने धर्म बदलला का?

१८२२ चं कॅलिफोर्निया हा स्पेनकडून नुकताच मेक्सिकोकडे गेलेला, माणसांची चणचण असलेला मुलूख होता. एवढा मोठा उपसागर दारात, पण होडी बांधणारा, शीड हाताळणारा माणूस ठाण्यात शोधून सापडायचा नाही. गव्हर्नर सोला याच्याकडे रिचर्डसनने राहण्यासाठी अर्ज केला. सोलाने परवानगी दिली ती एका अटीवर: तुला येत असलेलं सुतारकाम, होड्या बांधणं आणि नौकानयन इथल्या तरुणांना शिकव. हुनर द्या आणि राहा, असा सरळ सौदा.

धर्माचं म्हणाल तर १८२३ मध्ये मिशन दोलोरेसमध्ये, म्हणजे तिथल्या स्पॅनिश धर्मकेंद्रात, त्याचा कॅथलिक बाप्तिस्मा झाला. त्याशिवाय तिथे लग्न होत नव्हतं, नागरिकत्व नव्हतं आणि जमीनही नव्हती. श्रद्धा किती आणि सोय किती, हे त्याचं त्याला ठाऊक. १२ मे १८२५ रोजी मारिया अँतोनियाशी त्याचं लग्न झालं. सासरा इग्नासियो मार्तिनेझ हा ठाण्याचा प्रमुख. आजचं मार्तिनेझ शहर त्याच्याच नावावरून ओळखलं जातं.

४. १८२२ ते १८३५ ही मधली वर्षं तो काय करत होता?

उपसागर शिकत होता. हे उत्तर थट्टेचं वाटेल, पण त्याची खरी कमाई हीच. गोल्डन गेटच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी किती जोरात बाहेर खेचतं, दुपारी धुक्याबरोबर वारा कुठून येतो, कुठे तळाला चिखल आहे आणि कुठे खडक, हे तो अनुभवातून शिकला. स्थानिक माणसांना वल्ह्यांवर तयार केलं, लहान गलबतं बांधली, येणाऱ्या जहाजांना वाट दाखवली.

१८२९ मध्ये तो कुटुंबाला घेऊन दक्षिणेत, आजच्या लॉस एंजेलिसजवळच्या सान गाब्रिएल मिशनकडे गेला आणि किनाऱ्याने व्यापार करत राहिला. १८३५ मध्ये परत उत्तरेला आला तो सरकारी हुद्दा घेऊनच.

५. गाव वसवायचं कुणी ठरवलं? सुरुवात नेमकी कशी झाली?

कल्पना एकट्या रिचर्डसनची नाही. गव्हर्नर होसे फिगेरोआला उत्तरेची काळजी होती: वर फोर्ट रॉसला रशियन बसलेले, समुद्रात अमेरिकन आणि इंग्रज जहाजांची वर्दळ, आणि मिशनांच्या जमिनी चर्चकडून काढून घेण्याचं काम नुकतंच सुरू झालेलं. उपसागरावर व्यापारी गाव असावं आणि त्यावर नजर ठेवणारा माणूस असावा, म्हणून त्याने रिचर्डसनला बंदराचा कप्तान नेमलं.

२५ जून १८३५ रोजी रिचर्डसन बायको आणि तीन मुलांसह येर्बा बुएना खाडीवर उतरला. रेडवूडचे चार खांब जमिनीत रोवले, त्यावर जहाजाचं जुनं शीड ताणलं, झालं घर. आजूबाजूला वाळूच्या टेकड्या, झुडपं आणि ज्यावरून खाडीला नाव पडलं ती पुदिन्याच्या वासाची रानवेल. शेजार म्हणावा तर दोन-तीन मैलांवर, एकीकडे प्रेसिदियो आणि दुसरीकडे मिशन. मारिया अँतोनियाबद्दल फार कमी लिहिलं जातं, पण ठाणेदाराची मुलगी लेकरं घेऊन त्या शिडाखाली राहिली, गाव वसवण्यात तिचा वाटा नवऱ्याइतकाच धरायला हवा.

सप्टेंबरमध्ये फिगेरोआ वारला, तरी काम थांबलं नाही. ऑक्टोबरमध्ये रिचर्डसन आणि तिथला आल्काल्दे, म्हणजे गावचा न्यायाधीश-कारभारी, फ्रान्सिस्को दे आरो यांनी पहिला रस्ता आखला: काये दे ला फुंदासियोन. गावाच्या नकाशात तेवढी एकच रेघ. पुढच्या वर्षी रिचर्डसनला शंभर वारा लांबी-रुंदीचा भूखंड रीतसर मिळाला (वारा हे तिथलं माप, यार्डापेक्षा थोडं कमी). तेव्हा आल्काल्देच्या खुर्चीत होता होसे होआकिन एस्तुदियो, म्हणजे रिचर्डसनचा साडू! सरकारी काम कुठेही असंच चालतं म्हणा.

६. तो तंबू होता ती जागा आज कुठे आहे? बघता येते का?

येते, पण समुद्र शोधत गेलात तर चुकाल. जागा आहे चायनाटाउनमध्ये, ग्रँट अॅव्हेन्यूवर, क्ले आणि वॉशिंग्टन या रस्त्यांच्या मधल्या भागात. तिथे इमारतीवर एक पाटी आहे. भेटवस्तूंच्या दुकानांच्या गर्दीत ती सहज निसटते, म्हणून नजर भिंतीवर ठेवा.

तिथून उतारावर एक गल्ली खाली आलात की पोर्ट्समथ स्क्वेअर, जिथे चिनी आजोबा दिवसभर पत्ते कुटत बसलेले असतात. हा गावाचा मूळ चौक. आणखी एक गल्ली खाली माँटगोमेरी स्ट्रीट, आणि तिथे १८३५ चा किनारा संपायचा. म्हणजे त्रिकोणी ट्रान्सअमेरिका इमारतीच्या पायाशी उभे राहिलात की तुमच्या समोर तेव्हा खाडीचं पाणी होतं. सोन्याच्या धामधुमीत ती खाडी भरून काढली, आणि भरावात सोडून दिलेली जहाजं तशीच गाडली गेली. 'नियांटिक' नावाच्या जहाजाचा सांगाडा क्ले आणि सॅन्सम रस्त्यांच्या कोपऱ्याखाली सापडला आहे.

७. ओसाड किनाऱ्यावर त्याचा धंदा तरी काय होता?

कातडी आणि चरबी. त्या काळचं कॅलिफोर्निया गुरांवर जगायचं. माळावर हजारो गुरं, मांसाला गिऱ्हाईक नाही. कातडं वाळवायचं आणि चरबी वितळवून कातडी पिशव्यांत भरायची. कातडी बॉस्टनला जाऊन त्यांचे बूट व्हायचे, चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण. रोख पैसा इतका दुर्मीळ की व्यवहारही कातड्यांतच व्हायचे. अमेरिकन खलाशी गमतीने त्यांना कॅलिफोर्नियाच्या नोटा म्हणत.

अडचण वाहतुकीची. मोठं जहाज येर्बा बुएनाला नांगर टाकून उभं, आणि माल मात्र सान्ता क्लारा, सान होसे, सान राफाएल अशा उपसागराच्या कानाकोपऱ्यांत. मधे दलदल आणि भरतीच्या वेळीच पाणी येणाऱ्या अरुंद खाड्या. रिचर्डसन मिशनांच्या मालकीची दोन लहान गलबतं चालवायचा. स्थानिक खलाशी घेऊन तो या खाड्यांत शिरायचा, भरती गाठायची, कातडी भरायची, ओहोटीच्या आत बाहेर पडायचं. वेळ चुकली की गलबत चिखलात रुतून पुढच्या भरतीची वाट बघत बसायचं. प्रत्येक खेपेवर त्याला मोबदला मिळे. शिवाय बंदराचा कप्तान म्हणून जहाजांकडून शुल्क, आणि वाटाड्या म्हणून वेगळं. डिसेंबर १८३५ मध्ये बॉस्टनच्या जहाजावरून आलेल्या एका तरुण खलाशाने या जागेचं वर्णन लिहून ठेवलं आहे: ओबडधोबड फळ्यांचं एक खोपटं आणि त्यात किरकोळ व्यापार करणारा रिचर्डसन नावाचा माणूस. तेवढंच होतं गाव.

८. पण सॅन फ्रान्सिस्कोची स्थापना १७७६ ची ना? मग १८३५ कुठून आलं?

दोन्ही तारखा बरोबर आहेत. १७७६ मध्ये स्पॅनिश लोकांनी प्रेसिदियो आणि मिशन दोलोरेस स्थापन केलं. शहर आपला वाढदिवस २९ जून १७७६ पासूनच मोजतं. पण ते एक लष्करी ठाणं आणि एक धर्मपीठ. दुकानं, रस्ता, बाजार असलेलं गाव तिथे नव्हतं. मिशन आणि प्रेसिदियो सोडून, खाडीवर व्यापारी वस्ती म्हणून जे उभं राहिलं आणि ज्याचं महानगर झालं, त्याची सुरुवात १८३५ ची.

माझं मत विचाराल तर रिचर्डसनला 'सॅन फ्रान्सिस्कोचा संस्थापक' म्हणण्यापेक्षा 'येर्बा बुएनाचा संस्थापक' म्हणावं. त्यात कुणावर अन्याय नाही, आणि त्याचं श्रेयही कमी होत नाही.

९. पहिलं घर रिचर्डसनचं की जेकब लीसचं? दोन ठिकाणी दोन नावं वाचली.

'घर' कशाला म्हणता त्यावर आहे. पहिलं बिऱ्हाड निःसंशय रिचर्डसनचं, प्रश्न ५ मधला तंबू. त्यानंतर त्याने फळ्यांचं खोपटं केलं. १८३६ मध्ये जेकब लीस नावाचा अमेरिकन व्यापारी आला, त्याने शेजारीच लाकडी सांगाड्याचं पक्कं घर झपाट्याने उभारलं आणि ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची जंगी मेजवानी देऊन टाकली, तीही मेक्सिकोच्या भूमीवर. म्हणून पहिल्या 'पक्क्या' घराचा मान लीसकडे जातो. १८३७ मध्ये रिचर्डसनने मातीच्या कच्च्या विटांचा मोठा वाडा बांधला. लोक त्याला कासा ग्रांदे, मोठं घर, म्हणू लागले.

१०. म्हणजे त्याआधी ती जागा रिकामी होती?

मुळीच नाही. द्वीपकल्पावर रामाय्तुश ओलोनी लोक आणि उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे सॉसलिटोच्या बाजूला, कोस्ट मिवोक लोक हजारो वर्षं राहत होते. १८३५ पर्यंत मिशनांची सक्ती आणि युरोपातून आलेल्या साथींनी त्यांची संख्या भयंकर घटली होती. जागा रिकामी दिसत होती ती यामुळे.

रिचर्डसनची गलबतं वल्हवणारे, गुरं राखणारे, कातडी सोलणारे बहुतेक सगळे हेच लोक. संस्थापकाच्या पाटीवर त्यांचं नाव नसतं. त्याच्याबद्दल लिहिताना ही बाजू सोडून दिली तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं.

११. सॉसलिटोही त्यानेच वसवलं का?

पाया त्याचा, गाव नंतरचं. १८३८ मध्ये गव्हर्नर आल्वारादोने त्याला रांचो सॉसलिटो ही जहागीर दिली: साडेएकोणीस हजारांहून जास्त एकर. आजचं सॉसलिटो, मारिन हेडलँड्स, मिल व्हॅलीचा मोठा भाग, म्यूअर वुड्सकडची डोंगरउतरण, सगळं त्यात येतं. १८४१ च्या सुमाराला कुटुंब येर्बा बुएना सोडून तिकडे राहायला गेलं.

तिथे गोड्या पाण्याचे झरे होते, सरपण होतं, वाऱ्यापासून आडोसा होता. व्हेलशिकारी जहाजांना महिनोन् महिन्यांच्या सफरीनंतर नेमकं हेच लागे, त्यामुळे ती पलीकडच्या गावाऐवजी इथे नांगर टाकत. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत गर्दी वाढून पिण्याच्या पाण्याचे हाल होऊ लागले, तेव्हा सॉसलिटोच्या झऱ्यांचं पाणी गलबतांतून तिकडे नेऊन विकलं जाई. आज फेरीतून अर्ध्या तासात आपण जे अंतर कापतो, त्याच वाटेने.

प्लॉट पाडून, रस्ते आखून विकलेलं सॉसलिटो मात्र १८६८ नंतरचं, एका जमीन-आणि-फेरी कंपनीने केलेलं. तोवर रिचर्डसन जाऊन बारा वर्षं झाली होती.

१२. येर्बा बुएनाचं सॅन फ्रान्सिस्को कधी आणि का झालं?

३० जानेवारी १८४७ ला. आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकन नौदलाने चौकात झेंडा लावला होता, आणि त्याच महिन्याच्या शेवटी 'ब्रुकलिन' जहाजातून मॉर्मन पंथाचे दोनशेवर लोक येऊन उतरले, गावाची वस्ती एका दमात दुप्पट झाली. तेवढ्यात उपसागराच्या आतल्या बाजूला 'फ्रान्सिस्का' नावाचं नवं शहर काढायची जाहिरात झाली. उपसागराचं नाव जगाला माहीत, तेव्हा त्याच्या जवळचं नाव दुसऱ्याने पटकावलं तर जहाजं तिकडे जाणार! आल्काल्दे वॉशिंग्टन बार्टलेटने फर्मान काढून आपल्याच गावाला सॅन फ्रान्सिस्को करून टाकलं. फ्रान्सिस्कावाल्यांना नाव बदलून बेनिशिया घ्यावं लागलं. नामांतराचं राजकारण काही आपल्याकडेच नाही.

१३. सोनं सापडलं तेव्हा तर तो कोट्यधीश झाला असेल?

असंच वाटतं, आणि झालं उलट. १८४७ च्या मोजणीत गावात ४५९ माणसं होती. १८४८ मध्ये सोनं सापडलं, १८४९ संपता संपता ती वीस-पंचवीस हजार झाली. जमिनीचे भाव आकाशाला भिडले. रिचर्डसनकडे जमीन होती, पण ती त्याचीच हे नव्या सरकारला पटवून द्यायचं होतं.

१८५१ च्या अमेरिकन कायद्याने मेक्सिकोच्या काळातल्या प्रत्येक जहागीरदाराला आयोगापुढे उभं केलं: पुरावा तुम्ही द्या. पुरावे कसले, तर हाताने काढलेले कच्चे नकाशे, हद्द म्हणून एखादा ओढा, एखादं ओकचं झाड. समजा, उद्या नवं राज्य आलं आणि तुमचा पिढीजात सातबारा परक्या भाषेत, परक्या वकिलाकडून सिद्ध करा म्हणालं, तर जे होईल ते झालं. खटले वर्षानुवर्षं चालले, वकिलांची बिलं रोख मागायची, आणि रोख फक्त जमीन गहाण टाकूनच मिळायची. महिन्याचं व्याजही जबरी. सोबत जहाजांच्या धंद्यात नुकसान, आणि पाहुणा आला की हात सैल सोडायची जुनी सवय. शेवटी त्याने जहागिरीचा कारभार सॅम्युअल थ्रॉकमॉर्टन नावाच्या व्यावसायिकाच्या हाती दिला आणि जमीन कुटुंबाच्या हातून निसटत गेली.

सॉसलिटोचा दावा आयोगाने मान्य केला. पक्का मालकीहक्काचा कागद निघाला तो मात्र १८७९ मध्ये, रिचर्डसनच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. पाण्यावर सगळ्यांना हवाहवासा असलेला हा माणूस कोरड्या जमिनीवर असा बुडाला.

१४. मेंडोसिनोजवळच्या अल्बियन गावाशी त्याचा काही संबंध आहे का?

आहे. १८४४ मध्ये त्या किनाऱ्यावरचीही मोठी जहागीर त्याला मिळाली होती. मायदेशाच्या जुन्या नावावरून त्याने तिला अल्बियन म्हटलं, आणि नदीच्या मुखाशी लाकडाची गिरणीही निघाली. पण तिचे कागद अमेरिकन सरकारपुढे टिकले नाहीत, दावा फेटाळला गेला. त्यामुळे प्रश्न १३ मधलं 'दावा मान्य झाला' हे फक्त सॉसलिटोबद्दल वाचावं.

१५. त्याचा मृत्यू कसा झाला?

२० एप्रिल १८५६ रोजी, साठीच्या उंबरठ्यावर. संधिवातासाठी दिलेल्या पाऱ्याच्या गोळ्यांनी विषबाधा झाली असं सांगितलं जातं; त्या काळी पारा हे सर्रास औषध होतं. त्याची कबर सान राफाएलला आहे. नाव राहिलं ते पाण्याला: सॉसलिटोजवळचा रिचर्डसन बे. हायवे १०१ वरून मारिनकडे जाताना पुलाखाली दिसतं ते हेच पाणी.

१६. येर्बा बुएना बेट म्हणजेच ते जुनं गाव का? बे ब्रिजवर पाटी दिसते.

नाही, आणि या पाटीने आजवर बऱ्याच जणांना फसवलं आहे. बे ब्रिज ज्या बेटातून बोगद्याने जातो, ते येर्बा बुएना बेट खाडीसमोर होतं, पण गाव तिथे कधीच नव्हतं. तसंच कन्व्हेन्शन सेंटरजवळचं येर्बा बुएना गार्डन्स, तेही नाव फक्त आठवणीखातर. मूळ वस्तीपासून ते मार्केट स्ट्रीटच्या पलीकडे, दक्षिणेला आहे. जुनं गाव बघायचं तर प्रश्न ६ मधला पत्ता घ्या आणि बार्ट या लोकल रेल्वेने माँटगोमेरी स्टेशनला उतरून चालत जा. गाडी नेऊ नका, चायनाटाउनात पार्किंग मिळणं अवघड.